अर्थ विचारून ठेवलेलं नाव

विल्यममामांना कोणाचंही नाव नुसतं ऐकून सोडून देता येत नसे. नव्या पोस्टमनने दारात आपलं नाव रिचर्ड असं सांगितलं, की मामा पार्सलवर सही करायच्या आधी त्याला त्याच्या नावाचा अर्थ सांगत. "रिचर्ड म्हणजे पराक्रमी राजा. आणि दोन जिने चढून तुला धाप लागते?" हे सगळं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, पण इतक्या गंभीर चेहऱ्याने, की बिचारा पोस्टमन ओशाळून स्वतःच्या पोटाकडे बघे. डॉक्टर, प्लंबर, ट्राममधला तिकीट तपासनीस, कोणी सुटत नसे. मात्र मामांचं राज्य इंग्रजी नावांपुरतंच, आणि त्यातही पुरुषांच्या. माझ्या नावाचा अर्थ मी एकदा विचारला, तर म्हणाले, "तुमची नावं तुमच्या आत्यांना विचार. आणि बायकांची तर मला येतच नाहीत. माझ्या दगडांत बाई नाही."

दगड म्हणजे थडग्यांवरचे दगड. कोलोनच्या दक्षिणेला इंग्रज सैनिकांची एक दफनभूमी आहे. पहिल्या महायुद्धात कैद होऊन इकडे आलेले आणि इकडेच मेलेले बरेच जण तिथे आहेत. त्यांचे पांढरे दगड धुणं, शेवाळ काढणं, कडेचं गवत कापणं ही मामांची नोकरी. वीस वर्षं ते तेच करत होते.

मी २००३ साली रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला कोलोनला गेले, तेव्हा किराणा दुकानातल्या फळ्यावर एक मराठी चिठ्ठी दिसली. 'खोली भाड्याने देणे आहे. मराठी मुलगी असल्यास उत्तम. विल्यम पाटोळे.' मला वाटलं कोणीतरी थट्टा केली आहे. खोली बघायला गेले तर दारात एक काळेसावळे, ठेंगणे गृहस्थ उभे, डोक्याला भर ऑगस्टमध्ये कानटोपी. चहा झाला, भाडं ठरलं, आणि मी अगदी सहज विचारलं, "पण मामा, तुमचं खरं नाव काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "खोटं ठेवायला माझ्या बापाला सवड कुठली होती, पोरी?" मी हसले, पण कान गरम झाले. पुण्याच्या शाळेत माझ्याच वर्गात एक सॅम्युएल होता. तरीही मराठी माणूस म्हटलं की अमुकच नावांचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

नावांचं वेड त्यांच्याकडे आजोबांकडून आलं होतं. आजोबा नगरकडचे पाथरवट. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून यांचं नाव ठेवलं कचरू. कचऱ्यावर कोण डोळा ठेवणार? काळानेसुद्धा ओलांडून पुढे जावं, हा हेतू. आणि नाव लागू पडलं, कचरू जगला. पुढे बाप्तिस्म्याच्या वेळी मिशनच्या मडमेने नावांची यादी वाचायला घेतली, तर हा पठ्ठ्या अडून बसला. आधी प्रत्येकाचा अर्थ सांगा, मगच घेतो. विल्यम म्हणजे निश्चय आणि शिरस्त्राण, हे कळल्यावर त्याने तेच उचललं. डोक्याला टोप असलेलं नाव बरं. तेच पुढे नातवाला मिळालं. "नाव औषधासारखं असतं," मामा म्हणत. "लागू पडतं. पण देणाऱ्याला ते कशावरचं औषध आहे हे ठाऊक पाहिजे." त्यांच्या कपाटात इंग्रजी नावांचा एक जाडजूड जुना कोश होता. पुठ्ठा निखळलेला, दोरीने बांधलेला. बायबल त्याच्या शेजारी असे आणि खरं सांगायचं तर बायबलपेक्षा कोशाची पानं जास्त मळलेली होती.

मामा जर्मनीत आले ते बायकोच्या मागोमाग. सुमनमामी नगरच्या मिशन हॉस्पिटलातल्या नर्स. सत्तरच्या दशकात कोलोनला हॉस्पिटलमध्ये लागल्या आणि वर्षभराने यांना बोलावून घेतलं. मामांना बरीच वर्षं काम मिळालं नाही. घर, कागदपत्रं, ऑफिसं, जर्मन बोलणं, सगळं मामी बघायच्या. मुलगा दहा वर्षांचा असताना त्या कॅन्सरने गेल्या. आन्मेल्डुंगचा, म्हणजे राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा, फॉर्म कुठे भरायचा हेसुद्धा मामांना तेव्हा माहीत नव्हतं. इतकी वर्षं जर्मनीत राहून त्यांचं जर्मन तसंच राहिलं, कारण मामी गेल्यावर ते दिवसभर ज्यांच्याशी बोलत ते उत्तर देणाऱ्यांतले नव्हते.

एकदा शनिवारी मी त्यांच्याबरोबर गेले. मऊ ब्रश, साधं पाणी, लाकडाची पातळ पट्टी, एवढंच सामान. तारेच्या ब्रशला ते हात लावू देत नसत. "पाऊस पन्नास वर्षांत करील ते हा पाच मिनिटांत करतो," म्हणत. दगडापुढे गुडघे टेकायचे, आधी नाव वाचायचं, अर्थ सांगायचा, मग वय, आणि मग पाणी. "वॉल्टर. सैन्याचा धनी. वय एकोणीस." ब्रश. "हर्बर्ट. झळकणारी फौज. वय वीस." ब्रश. "एडगर. दौलत राखणारा भाला. बावीस." मला सुरुवातीला हसू येत होतं. चौथ्या-पाचव्या दगडाशी ते थांबलं. खाली घरच्यांनी लिहून पाठवलेली एखादी ओळ असे आणि तिच्यात कधी घरातलं नाव, हॅरी, जॅक, बर्ट. ते मामा दोनदा वाचायचे. "झळकणारी फौज म्हणून आईने नाव ठेवलं," एकदा म्हणाले, "आणि पोरगं कैदेत तापाने मेलं. आईला घरी 'बर्ट' म्हणायला कोणी उरलं नाही."

ही नावं मुळात इंग्रजांची नाहीतच, हे मला त्या दिवशी कळलं. वॉल्टर, रिचर्ड, हॅरल्ड, विल्यम, सगळी इकडच्याच वाडवडिलांची. भाले, टोप, फौजा यांची नावं. ती समुद्रापलीकडे गेली, तिकडे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. एके काळी तर म्हणे तिकडच्या गावांत निम्मे जॉन आणि निम्मे विल्यम असत, आपल्याकडे बाळू असतात तसे. मग ओळखू यावेत म्हणून कोणी गवंडी जॉन, कोणी टेकडीखालचा जॉन. मामांनी हात करून झाडांपलीकडे दाखवलं. तिथे जर्मन सैनिकांची थडगी होती. "तिथेपण वॉल्टर आहेत. रिचर्ड आहेत. हर्बर्ट तर किती. इथून गेलेली नावं परत आली, आणि आली ती अशी. गेनाऊ." बोलता बोलता मध्येच 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणायची त्यांना सवय होती.

त्यांनी स्वतःच्या मुलाचं नाव जॉर्ज ठेवलं होतं. कोश उघडून, आठवडाभर शोधून ठेवलेलं. भाला नको, फौज नको, राजा नको. जॉर्ज हे ग्रीक नाव, जमीन कसणारा. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसातली बाई म्हणाली, इथे गेओर्ग लिहितात, तसं लिहू का? मामा ऐकेनात. आपल्या घरात नाव जसं बोललं जातं तसंच कागदावर पाहिजे. मी त्यांना विचारलं होतं, "पण मामा, तुमच्या दगडांत जॉर्जही आहेत की. त्या रांगेत दोन तर शेजारी शेजारीच आहेत." मामांचं उत्तर तयार होतं. "त्यांच्या आईबापांनी अर्थ विचारला नसणार. त्यांच्याकडे जॉर्ज नावाचे राजे होऊन गेले, ठेवलं असेल त्यांच्यावरून. न विचारता ठेवलेलं लागू पडत नाही." मला ते उत्तर तेव्हा फार गोड वाटलं होतं. मी डायरीतसुद्धा लिहून ठेवलं होतं.

जॉर्ज तेव्हा अठरा वर्षांचा होता. उंच, अबोल, आईच्या वळणावर गेलेला. त्याला मराठी सगळं कळे, पण उत्तर जर्मनमध्ये येई. बापाला जेवायला चल, दूध संपलंय, एवढं जर्मन कळे. त्यापुढचं अडलं की दोघेही माझ्याकडे बघत. मी त्या घरात राहायला गेले भाडेकरू म्हणून आणि झाले दुभाषी. "त्याला विचार, परीक्षेचं काय झालं," मामा म्हणत, तो समोर बसून ऐकत असला तरी. "त्याला सांग, झालं ते झालं," जॉर्ज जर्मनमध्ये म्हणे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी मध्ये बसायची, आणि मला त्याचा जरा अभिमानच वाटायचा. बाप-लेक माझ्यामुळे बोलतात असं मी पुण्याला आईला पत्रात कळवलंही होतं.

त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला मी त्याला ओढून नेलं. दारातच एक काकू भेटल्या. पुण्याच्या, नवरा सॉफ्टवेअर कंपनीत. त्यांनी कौतुकाने विचारलं, "नाव काय रे बाळा?" "जॉर्ज." "अरे ते ऑफिसातलं झालं. खरं नाव सांग ना, घरातलं." तो बूट काढायला वाकला. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रसादाचा मोदक त्याने कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि परतताना ट्राममध्ये माझ्या हातात दिला. मला मी स्वतः पहिल्या दिवशी मामांना काय विचारलं होतं ते आठवलं, पण ते मी काही बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या वर्षी लष्करी तपासणीचं पत्र आलं. आईने तो लहान असतानाच त्याचा जर्मन पासपोर्ट करून ठेवला होता, आणि तेव्हा इथल्या मुलांना नऊ महिने सैन्यात जावं लागे. पण सुटकाही होती. माझी सदसद्‌विवेकबुद्धी शस्त्र धरू देत नाही, असं कारणांसकट लिहून दिलं की वृद्धाश्रमात, हॉस्पिटलात सेवा करायची, त्सिव्हिलडीन्स्ट. मामा पत्र घेऊन तडक माझ्या खोलीत आले. "लिही," म्हणाले. "चांगल्या जर्मनमध्ये लिही." तीन संध्याकाळ आम्ही बसलो. ते मराठीत सांगत, मी जर्मन करत जाई. वीस वर्षं धुतलेले दगड, वयं, घरच्यांच्या ओळी, सगळं त्यात आलं. मी आयुष्यात लिहिलेलं ते सर्वांत चांगलं जर्मन होतं. प्रबंधसुद्धा मला तसा लिहिता आला नाही. जॉर्जने फक्त आपल्या हाताने उतरवून सही करायची होती.

रविवारी सकाळी मामा चर्चला जाऊन आले होते आणि आत कपडे बदलत होते. जॉर्ज स्वयंपाकघरात पाव कापत होता. मी कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने शेवटपर्यंत वाचलं आणि परत माझ्याकडे सरकवलं. "छान आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला. "पण हे पपाचं आहे. मी कुठे आहे यात?" मी म्हटलं, मग तुझं काय आहे ते सांग, मी घालते. तेव्हा तो बोलला. दोन वर्षांत बोलला नव्हता इतकं एका दमात बोलला. "मला सगळे विचारतात, खरं नाव काय. जर्मन विचारतात, भारतीय विचारतात. शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या नावाशी थांबायच्या. कामाला अर्ज केला की बोलावतात, आणि मला बघून पुन्हा कागदाकडे बघतात. मग मी पणजोबांपासून गोष्ट सांगायची. रोज. माझा मित्र सैन्यात आहे, त्याला भेटायला गेलो होतो. तिथे सगळ्यांना आडनावाने हाक मारतात. छातीवर पट्टी, पट्टीवर आडनाव, संपलं. मला तिथे जायचंय. हे पपाला सांग. मला मराठीत सांगता येत नाही, आणि जर्मनमध्ये सांगितलं तर त्याला अर्धंच कळेल."

मामा टॉवेलने हात पुसत आले. दोघांनी नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतो?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, "त्याला मित्राबरोबर जायचंय, मामा. नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे म्हणतो."

जॉर्जला मराठी सगळं कळायचं. त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि पाव कापायला लागला. मी स्वतःची समजूत घातली. त्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट पुरती साधली आहे असं वाटतं, ती म्हणजे मुलाचं नाव, आणि तेच मुलाला नकोसं झालंय हे भर सकाळी कसं सांगायचं? नंतर कधीतरी, सवडीने, नीट शब्दांत सांगू. शिवाय घरात तमाशा झाला असता तर मला खोली बदलावी लागली असती, हाही विचार माझ्या मनात आला होता. नाही आला असं म्हणणार नाही. मामा टॉवेलची घडी करत म्हणाले, "नऊ महिने ना? जाऊ दे. जमीन कसणारा आहे तो. त्याला काय होतंय."

नऊ महिन्यांचे तेवीस झाले. त्याने स्वतःहून मुदत वाढवून घेतली, आणि मुदत वाढवणाऱ्यांना बाहेर पाठवत. तो अफगाणिस्तानात गेला. जाण्याआधी घरी आला होता, तेव्हा चांगला भरला होता, हसत होता, मित्रांचे फोन येत होते. फोनवर पलीकडून 'पाटोळे' एवढंच ऐकू येई आणि तो खुशीत ओ देई. मामा ते बघत राहत. मला हळूच म्हणाले, "रंग बदलला पोराचा. चांगलं मानवलं." सांगायचं ते तेव्हाही सांगता आलं असतं. पण सगळं सुरळीत चाललेलं असताना कशाला, असं वाटलं.

बातमी आली ती भर दुपारी. गणवेशातले दोघे आणि एक पाद्री. मी त्या दिवशी घरीच होते. लढाईबिढाई काही नाही, डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक उलटला. ते जर्मनमध्ये सांगत होते आणि मामा माझ्याकडे बघत होते. ते मला मराठीत सांगावं लागलं. मी त्या घरात केलेली ती शेवटची दुभाष्याची कामगिरी. मामा रडले नाहीत. त्यांनी डोक्यावरची कानटोपी काढली, टेबलावर ठेवली आणि पाद्र्याला त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. मामांनी नुसती मान हलवली. अर्थ सांगितला नाही. त्या दिवसापासून मी त्यांना कोणाच्याही नावाचा अर्थ सांगताना ऐकलं नाही. कोश कपाटातून कुठे गेला, तेही मी विचारलं नाही.

आठवड्याने ते कामावर गेले. जायला नको होतं, पण घरी बसून करणार काय? दगड धुवायचे तेव्हा आता नुसतं वय म्हणायचे. एकोणीस. वीस. बावीस. मग पाणी. त्यांच्याबरोबर काम करणारा जर्मन माळी मला एकदा म्हणाला की पाटोळेसाहेब दोन दोन तास एकाच रांगेत असतात, घरी पाठवलं तरी जात नाहीत. मी घरात होते तोवर निदान दोन वेळा जेवत तरी होते.

माझं काम २००७ मध्ये संपलं. विमानाच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला दफनभूमीत गेले, कारण घरी निरोप घेणं मला झेपलं नसतं. ते गुडघ्यांवर बसलेले होते. उठले नाहीत. मी शेजारी गवतावर बसले. बराच वेळ ब्रशचा आवाज. मग दगडाकडेच बघत म्हणाले, "तुझ्याशी बोलायचा तो. का जातोय, कधी काही म्हणाला होता?"

मी म्हटलं, "नाही मामा."

"मला कधीकधी वाटायचं," ते म्हणाले, "त्याला नाव आवडत नाही. शाळेतून आला की चेहरा बघायचो ना. सांगितलं असतं तर दुसरं ठेवलं असतं, बाई. त्यात काय एवढं? माणसापेक्षा नाव मोठं असतं का?" आणि त्यांनी बादलीतल्या पाण्यात ब्रश बुडवला.

मी उठले. खाली वाकून त्यांच्या पाया पडले. ते ख्रिस्ती, त्यांच्यात तशी पद्धत नाही, पण त्यांनी ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला. तीन वर्षांनी ते गेले. किराणा दुकानदाराने मला फोनवर कळवलं.

दफनभूमीत त्या दिवशी खोटं बोलले याचं मला फारसं वाईट वाटत नाही. तेव्हा खरं सांगूनही कोणाला काही मिळणार नव्हतं. वाईट वाटतं ते त्या रविवारचं. नाव बदलून द्यायला तयार असलेला बाप समोर उभा होता, हात पुसत. मुलगा पाव कापत होता. दोघेही माझ्याच तोंडाकडे बघत होते.